लढाऊ विमानाच्या पंखातल्या तोफा आणि नेमाचा प्रश्न

निळाईपार

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांबद्दल वाचताना एक प्रश्न मला सारखा अडतो. स्पिटफायर, हरिकेन, थंडरबोल्ट, मस्टँग, जपानी झिरो, सुरुवातीची मेसरश्मिट १०९, या सगळ्यांच्या मशिनगन किंवा तोफा पंखात (काहींच्या थोड्या नाकावरही). वैमानिक बसतो मधे, नेमाची काच त्याच्या डोळ्यासमोर मधे, आणि गोळ्या सुटतात त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन-तीन मीटरवरून, काही विमानांत त्याहूनही लांबून. म्हणजे दोन्हीकडचा मारा आत वळवून पुढे कुठेतरी एकत्र आणावाच लागणार. तो एकत्र येतो त्याच अंतरावर शत्रू सापडला तर ठीक, नाहीतर काय?

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. सरळ नाकात तोफा बसवणं इतकं सोयीचं असताना पंखात बसवल्याच का? आणि हे अंतर किती ठेवायचं हे कोण ठरवायचं?

तोफखाना

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाकासमोरच फिरतंय: पंखा (प्रोपेलर). पात्यांमधून गोळी झाडायची तर बंदूक इंजिनाच्या फिरण्याशी जुळवून घ्यावी लागते. पातं समोर असताना गोळी सुटता कामा नये. पहिल्या महायुद्धात हे जमलं होतंच, पण त्यात गोळीबाराचा वेग पडतो.

ब्रिटिशांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांची ०.३०३ ब्राउनिंग तापली की आतली काडतुसं आपोआप उडायची, कारण त्यांचं कॉर्डाइट (काडतुसातली दारू) उष्णतेला हळवं. म्हणून त्यांनी ती उघड्या बोल्टवरून चालेल (गोळीबार थांबला की तापलेल्या नळीत काडतूस राहणार नाही) अशी बदलून घेतली. अशी बंदूक पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवणं फार कठीण. मग पंख्याच्या बाहेर, पंखात नेण्यावाचून मार्ग उरला नाही. तिथे जुळवाजुळव नको, बंदूक पूर्ण वेगाने चालते, आणि हव्या तितक्या बसवता येतात.

राल्फ सॉर्ली या अधिकाऱ्याने १९३४ च्या सुमारास हिशोब मांडला होता की नव्या वेगवान विमानांच्या लढाईत शत्रू नेमात राहणार जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात त्याला पाडायचं तर आठ बंदुका हव्यात. आठ बंदुका नाकात कोंबणार कुठे?

मृण्मयी

तोफखाना, या आठ बंदुकांच्या गोष्टीत एक मुलगी आहे, तिचं नाव इथे यायलाच हवं. हवाई मंत्रालयातले कॅप्टन फ्रेड हिल यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलीला, हेझलला, घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून या गोळीबाराची आकडेमोड आणि आलेख करून घेतले होते. आठ बंदुकांची बाजू मांडताना त्या आकडेमोडीचा आधार झाला. कितीतरी वर्षं ही गोष्ट कुणाला माहीतच नव्हती. मला ती वाचून फार आनंद झाला होता, माझ्या वर्गातल्या मुलींना मी ती दर वर्षी सांगते.

गणिती

भूमिती सोपी आहे, मांडून टाकतो. समजा तोफ मधल्या रेषेपासून २ मीटरवर आहे आणि दोन्हीकडचा मारा २५० मीटरवर एकत्र येतो. मग १२५ मीटरवर प्रत्येक बाजूची गोळी अजून १ मीटर बाहेर आहे. २५० वर दोन्ही एकत्र. ५०० मीटरवर डावीकडची गोळी उजवीकडे २ मीटर आणि उजवीकडची डावीकडे २ मीटर. शेपटीमागून पाहिलं तर १०९ चं धड जेमतेम मीटरभर रुंद. म्हणजे ५०० मीटरवर तुम्ही नेम अगदी अचूक मधोमध धरलात, तर गोळ्या धडाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाणार. लागल्याच तर पंखांना.

ही झाली आडवी बाजू. उभी बाजू वेगळीच. नेमाची काच तोफांच्या वर असते, आणि गोळी जाता जाता खाली पडत असते. म्हणून तोफ किंचित वर रोखतात. गोळी आधी नजरेच्या रेषेखाली, मग रेषेवर, मग पुन्हा खाली.

ठोकळा

आणि हे सगळं विमान उलटंपालटं होत असताना डोक्यात ठेवायचं! मला भुयारी मार्गातून गाडी काढताना उजवीकडे-डावीकडे सुधरत नाही.

विमानवेडा

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १९४० च्या सुरुवातीला ब्रिटिश फायटर कमांडमध्ये ४०० यार्डांचा ठरलेला पसरट मारा होता, त्याला सरसेनापती डाउडिंगांच्या नावाने 'डाउडिंग स्प्रेड' म्हणायचे. त्यामागे विचार होता. तेव्हा गृहीत धरलं होतं की जर्मनीतून येतील ती फक्त बॉम्बर विमानं, कारण १०९ ला तिथून इंग्लंडपर्यंत येऊन परत जाणं शक्यच नव्हतं. बॉम्बर मोठा, त्याच्या मागच्या तोफखान्यापासून लांब राहिलेलं बरं, आणि साधारण वैमानिकाचा नेम थोडा चुकला तरी पसरट माऱ्यातल्या काही गोळ्या लागतील.

मग फ्रान्स पडला. १०९ खाडीपलीकडे येऊन बसली. ४०० यार्डांवर आठ बंदुकांच्या गोळ्या लागायच्या पण विमान पडायचं नाही, कारण पाठीमागे चिलखती पत्रा आणि आपोआप छिद्र बुजवणाऱ्या टाक्या आल्या होत्या. ७४ स्क्वॉड्रनचा दक्षिण आफ्रिकी वैमानिक 'सेलर' मॅलन आणि त्याच्यासारख्या अनुभवी मंडळींनी आपल्या बंदुका २५० यार्डांवर, म्हणजे २३० मीटरच्या आसपास, एकाच बिंदूवर आणून घेतल्या. पुढे तेच सगळीकडे रूढ झालं. म्हणजे अंतर आधी वरून ठरलं, आणि मग लढणाऱ्यांनी ते बदलायला लावलं.

रानवारा

२५० यार्ड सगळ्यांसाठी बरोबर होतं यावर माझा आक्षेप आहे. मॅलनला जमायचं म्हणून सगळ्यांनी तेच करायचं? नुकत्याच आलेल्या विशीतल्या पोराला एका बिंदूवर आणलेला मारा दिला तर त्याचा नेम हातभर चुकला की सगळंच चुकलं. पसरट माऱ्यात निदान काही लागतं. हा वाद जर्मनांकडेही झाला.

१०९ च्या 'ई' मॉडेलमध्ये पंखात दोन २० मिमी एमजी एफएफ तोफा होत्या. 'एफ' मॉडेलमध्ये त्या काढल्या आणि एकच तोफ इंजिनाच्या मधून पंख्याच्या पोकळ दांड्यातून झाडणारी ठेवली, सोबत इंजिनावर दोन मशिनगन. सगळं मधल्या रेषेत, कन्व्हर्जन्सची (दोन्हीकडचा मारा एकत्र आणण्याची) कटकट संपली. जर्मन वैमानिक वर्नर मोल्डर्सला ते आवडलं: हलकं विमान, नेमका मारा. अ‍ॅडॉल्फ गॅलंड या दुसऱ्या वैमानिकाचं म्हणणं उलट. उत्तम नेमबाजाला एक तोफ पुरेल, बाकीच्यांचं काय? त्याने स्वतःसाठी पंखात तोफा असलेलं खास 'एफ' तयार करवून घेतलं होतं. मी गॅलंडच्या बाजूचा.

विमानवेडा

रानवारा, तुमचा मुद्दा कळला, पण पसरट माऱ्यात "काही लागतं" म्हणजे लागून काय होतं हे पाहायला हवं. ०.३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास. पाच-सहा गोळ्या विखरून लागल्या तर जर्मन बॉम्बर घरी पोचायचा, चाळणी होऊन का होईना. त्याच गोळ्या एका जागी लागल्या तर इंजिन किंवा पंखाचा कणा जातो.

तोफखाना

म्हणूनच सगळे तोफेकडे वळले. हिस्पानो २० मिमीचा गोळा १३० ग्रॅमच्या आसपास, आणि तो फुटतो. आठ ब्राउनिंग मिळून सेकंदाला दीडशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलो शिसं. दोन हिस्पानो मिळून सेकंदाला वीसच गोळे, पण अडीच किलोच्या वर, शिवाय आत स्फोटक.

पण ती तोफ पंखात बसवणं सोपं नव्हतं. हिस्पानो मुळात इंजिनाच्या जड, ताठ सांगाड्यावर बसवायला बनवलेली. स्पिटफायरचा पंख पातळ आणि लवचीक. साठ गोळ्यांचं ड्रम मावेना म्हणून तोफ आडवी पाडून बसवली. १९४० च्या उन्हाळ्यात १९ स्क्वॉड्रनला अशी स्पिटफायर मिळाली आणि ऐन लढाईत तोफा अडकू लागल्या. त्यात वाईट काय, तर एकच तोफ अडकली की दुसरीच्या धक्क्याने विमानाचं नाक त्या बाजूला वळायचं. नेम गेलाच. शेवटी सप्टेंबरात त्यांनी तोफा नकोत, आमची जुनी मशिनगनवाली विमानं परत द्या म्हणून मागणी केली आणि ती मिळालीही. पुढे बसवण्याची पद्धत सुधारली, मग ड्रमऐवजी पट्ट्याने गोळे पुरवले जाऊ लागले आणि हिस्पानो ब्रिटिशांची मुख्य तोफ झाली.

मस्टँगलाही असंच झालं. 'बी' मॉडेलच्या पातळ पंखात मशिनगन तिरप्या बसवल्या होत्या, जोराच्या वळणात पट्टा अडकायचा. 'डी'मध्ये त्या सरळ उभ्या बसवल्या तेव्हा सुटका झाली.

ठोकळा

आठ ब्राउनिंगना मिळून किती वेळ गोळीबार करता यायचा?

तोफखाना

प्रत्येकीला ३०० गोळ्या, मिनिटाला साधारण ११५० चा वेग. पंधरा-सोळा सेकंद. संपलं.

ठोकळा

एवढ्यात माझ्या फोनवर हा धागा उघडतसुद्धा नाही.

माजी फिटर

मी हवाई दलात आर्मामेंट फिटर (विमानातली शस्त्रं बसवणारा) होतो, हंटर या जेट विमानावर काम केलं. हंटरच्या चार ३० मिमी एडन तोफा नाकाखाली, त्यामुळे पंखाचा प्रश्न आम्हाला नव्हता, पण हार्मोनायझेशन (तोफा आणि नेमाची काच एकमेकांशी जुळवणं) करावंच लागायचं. मला शिकवणारे वॉरंट ऑफिसर टेम्पेस्टवर काम केलेले, त्यांच्याकडून पंखातल्या तोफांची पद्धत ऐकली ती सांगतो.

टेम्पेस्ट शेपटीवर बसलेलं विमान. आधी त्याची शेपूट उचलून घोडीवर ठेवायची आणि विमान उडताना असतं तसं सपाट आणायचं. सपाट म्हणजे अंदाजाने नव्हे, लेव्हल लावून, दोन्ही बाजूंनी. समोर मोजलेल्या अंतरावर एक मोठा फळा उभा करायचा. त्यावर नेमाच्या काचेसाठी एक खूण, प्रत्येक तोफेसाठी एक खूण, कॅमेऱ्यासाठी एक. फळा लढाईच्या अंतरापेक्षा जवळ असतो, म्हणून खुणा हिशोबाने पुढे-मागे काढलेल्या. मग एक जण नळीत आरशाचं दुर्बीणवजा उपकरण घालून बघतो, दुसरा पंखाखाली पडून मागचा माउंट पान्याने फिरवतो. "डावीकडे... बस... थोडं वर... बस." एक तोफ बसली की दुसरी. मग सगळं घट्ट करून पुन्हा तपासायचं, कारण नट आवळताना तोफ हमखास हलते. शेवटी गोळी झाडून खात्री. उन्हात पत्रा इतका तापायचा की खांद्याखाली गोणपाट घ्यावं लागायचं.

हे काम करणाऱ्या माणसांविषयी कुणी फारसं लिहीत नाही. वैमानिकाचा नेम जमिनीवर ठरायचा, आणि तो आम्ही ठरवायचो.

सह्यकडा

माजी फिटर काका, सलाम! +१. वाचनखूण साठवली आहे.

चिमणपाखरू

मी 'आयएल-२' हा विमानांचा गेम खेळतो, त्यात प्रत्येक विमानाचं कन्व्हर्जन्स स्वतः ठेवता येतं. मी ३०० मीटर ठेवतो. एक शंका आहे: झिरो उडवताना नाकावरच्या मशिनगनच्या गोळ्या लागतात आणि पंखातल्या तोफांचे गोळे खालून जातात. गेममध्ये चूक आहे की खरंच असं होतं?

गणिती

चिमणपाखरू, गेम बरोबर आहे. झिरोच्या सुरुवातीच्या २० मिमी तोफेच्या गोळ्याचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास, ७.७ मिमी मशिनगनचा ७५० च्या आसपास. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ४०० मीटरवर तोफेचा गोळा दोन मीटरच्या वर खाली येतो आणि मशिनगनची गोळी दीड मीटरच्या आत. अडथळा धरला तर फरक आणखी वाढतो. दोन्ही एकाच बटणाने झाडले तर दोन वेगळ्या जागी जाणार. त्यात तोफेला सुरुवातीला गोळे फक्त साठ-साठ. म्हणून अनुभवी जपानी वैमानिक तोफ अगदी जवळ गेल्यावरच वापरायचे. हिस्पानोचा वेग ८५० च्या पुढे, तिथे हा त्रास बराच कमी.

मृण्मयी

एक प्रश्न. अंतर बरोबर ठेवलं, तोफ फिटरकाकांनी नीट बसवली, तरी बहुतेक वैमानिकांच्या बहुतेक गोळ्या वाया का जायच्या?

गणिती

मृण्मयीताई, हा खरा प्रश्न आहे, आणि इथवरच्या चर्चेत तो बाजूला राहिला.

शत्रू समोरून आडवा जातोय, ताशी ३०० मैलांनी, म्हणजे सेकंदाला १३४ मीटर. तुमचा गोळा २३० मीटर जायला पाव सेकंद घेतो (तुमच्या विमानाचा वेग त्यात मिळवला आहे). तेवढ्यात शत्रू ३३ मीटर पुढे गेला. १०९ ची लांबी नऊ मीटरच्या आत. म्हणजे नेम शत्रूवर नाही, त्याच्या पुढे जवळपास चार विमानं सोडून रिकाम्या आकाशात धरायचा! धावचीत करताना आपण चेंडू फलंदाजाकडे न फेकता यष्टीकडे फेकतो, तसंच. इथे यष्टी दिसत नाही एवढंच.

याच्यापुढे कन्व्हर्जन्सची मीटर-दोन मीटरची चूक काहीच नाही. माल्टावर १९४२ मध्ये लढलेला कॅनेडियन बर्लिंग या आडव्या नेमबाजीत असामान्य होता, तो सतत कोनांचा आणि अंतरांचा अभ्यास करायचा. असे फार थोडे.

विमानवेडा

याला जोडून: पंखात बसवलेल्या सिने कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये वारंवार दिसायचं की वैमानिकाला वाटतंय आपण २५० यार्डांवर आहोत, आणि प्रत्यक्षात तो त्याच्या दुपटीहून लांबून गोळ्या झाडतोय. भीती आणि उतावीळपणा, दोन्ही. म्हणून मॅलनच्या नियमांतला पहिलाच नियम जवळ जाईपर्यंत थांबण्याचा आहे.

निळाईपार

गणिती, विमानवेडा, मग हे सुटलं कसं? की सुटलंच नाही?

गणिती

बऱ्याच अंशी सुटलं, पण तोफेने नाही, काचेने. १९४४ पासून ब्रिटिशांकडे मार्क २ जायरो गनसाइट (वळण ओळखणारा भोवरा, म्हणजे जायरो, बसवलेली नेमाची काच) सर्रास आली, अमेरिकनांनी तीच के-१४ म्हणून बनवली. वैमानिकाने आधी डायलवर शत्रूच्या विमानाच्या पंखांची रुंदी लावायची. मग थ्रॉटलवरची मूठ पिळून काचेतल्या सहा चौकटींचं कडं शत्रूच्या पंखांवर बरोबर बसवायचं. त्यावरून अंतर कळलं. आपलं विमान किती वेगाने वळतंय हे जायरोला कळतंच. दोन्ही मिळून कडं आपोआप मागे सरकतं, आणि त्यात शत्रू धरून ठेवला की तोफ आपोआप त्याच्या पुढे रोखलेली असते. बर्लिंगच्या डोक्यात जे होतं ते साधारण वैमानिकाच्या हाती आलं.

रानवारा

म्हणजे माझाच मुद्दा वेगळ्या वाटेने सिद्ध झाला: साधारण वैमानिकाचा विचार करायला हवा होता. :)

विमानवेडा

मान्य. पण पसरट मारा हा त्यावरचा उपाय नव्हता, हेही मान्य करा.

रानवारा

अर्धं मान्य. दोन बिंदूंवर विभागलेला मारा, काही बंदुका जवळ आणि काही लांब, हा मधला मार्ग मला अजूनही पटतो.

सह्यकडा

थोडं विषयांतर. ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिशांच्या २० स्क्वॉड्रनकडे हरिकेन २डी होती, पंखाखाली दोन ४० मिमी तोफा, प्रत्येकीला पंधराच गोळे. आधी उत्तर आफ्रिकेत ६ स्क्वॉड्रनने ती रणगाड्यांवर वापरली, इकडे जपान्यांच्या बंकर आणि नावांवर. तोफा झाडल्या की नाक खाली जायचं, त्यामुळे एक जोडी झाडा, नाक वर घ्या, पुन्हा नेम धरा. नेमासाठी दोन ब्राउनिंग ठेवल्या होत्या, आधी त्यांच्या चमकणाऱ्या गोळ्या कुठे पडतात ते बघायचं. जर्मनांच्या स्टुका 'जी' मॉडेलचं तेच: पंखाखाली दोन ३७ मिमी, बारा-बारा गोळे.

चिमणपाखरू

सह्यकडा, त्या स्टुकाने गेममध्ये रणगाडा मारायला फार म्हणजे फार सराव लागतो!

माजी फिटर

विषयांतर चालू आहे तर एक सांगतो. टेम्पेस्ट आपल्याकडे १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत वापरली गेली, पंखात चार हिस्पानो. ७ आणि १० स्क्वॉड्रन. खोऱ्यात तोफ जमिनीवरच्या माणसांवर आणि गाड्यांवर चालवायची, सूर मारत खाली यायचं, त्यामुळे वैमानिक डोंगर विसरला तर संपला. याच लढाईत आपले मराठी अधिकारी हृषीकेश मूळगावकर यांना महावीर चक्र मिळालं, पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात टेम्पेस्ट, स्पिटफायर आणि हरिकेन तिन्ही आहेत. गेलात तर पंखाच्या पुढच्या कडेसमोर उभे राहून तोफा मधल्या रेषेपासून किती लांब आहेत ते डोळ्याने बघा.

मृण्मयी

काका, पुढच्या दिल्ली सहलीत मुलांना नक्की नेणार. आणखी एक विचारू? स्पिटफायरच्या फोटोत पंखाच्या कडेला लाल चौकोनी ठिगळं दिसतात ती काय?

माजी फिटर

कापडाच्या पट्ट्या, नळीच्या तोंडावर चिकटवलेल्या. उंचावर थंडीने बंदुका गोठायच्या, ओल आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. शिवाय रेडिएटरची गरम हवा नळांनी पंखात सोडायचे. पहिल्याच गोळीने पट्टी फाटते. विमान उतरताना नळीवरून वाऱ्याची शिट्टी ऐकू आली की खालच्या फिटरना कळायचं, याने गोळ्या झाडल्यात, दारूगोळा भरायला पळा.

निळाईपार

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या पहिल्या प्रश्नातला एक धागा राहिलाय: ज्यांच्या तोफा नाकातच होत्या, उदाहरणार्थ पी-३८ लाइटनिंग, त्यांना खरंच फायदा झाला का?

तोफखाना

झाला. पी-३८ ला दोन इंजिनं दोन बाजूंना, मधलं नाक मोकळं. चार मशिनगन आणि एक २० मिमी तोफ एकमेकींना खेटून. मारा सरळ पुढे, २०० मीटरवर जसा तसाच ५०० वर. ब्रिटिशांचं व्हर्लविंडही असंच, नाकात चार हिस्पानो, पण त्याची इंजिनंच पुरेशी बनली नाहीत आणि शंभरावर थोडी विमानं होऊन काम थांबलं. रशियनांनी याक विमानात तोफ पंख्याच्या दांड्यातून काढली.

पण गणिती म्हणतात ते नाकातल्या तोफेलाही चुकलं नाही. अमेरिकेचा सर्वाधिक विमानं पाडणारा रिचर्ड बाँग पी-३८ च उडवायचा, चाळीस विमानं त्याच्या नावावर. स्वतःच्या नेमबाजीवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून तो शत्रूच्या अगदी जवळ जाऊन मारायचा. जेट आल्यावर पंखा गेला आणि तोफा बहुतेक सगळीकडे नाकात आल्या, सेबर, मिग-१५, हंटर. जायरोसारखी नेमाची काच मात्र त्यांनाही लागलीच.

माजी फिटर

आणि फळाही. हंटरसमोर आम्ही तो उभा करायचोच.